‘टेलॅमन’ची चौदावी फासळी

एमॉस प्रॅग्नेलने उभ्या आयुष्यात समुद्र पाहिला तो जेमतेम पाच वेळा, आणि पाचही वेळा एकाच जहाजापायी. बाकी सारा जन्म थॉर्नलीच्या नदीकाठी गेला. लोक कप्तानांच्या गोष्टी सांगतात, खुशाल सांगोत बापडे. कप्तान तीन वर्षं जहाजावर मिरवतो आणि मग दुसऱ्या जहाजावर जातो. पण त्या जहाजाच्या कुशीत कुठली फळी कुणी ठोकली हे ज्याला झोपेतही आठवतं, त्याला कोण विचारतो? एमॉसला तर त्या अख्ख्या जहाजावरची एकच जागा आठवायची. डावी बाजू, नाळेकडून, म्हणजे पुढच्या टोकाकडून, चौदावी फासळी, पाण्याखालची तिसरी फळी. त्या जागेने त्याला चाळीस वर्षं धड झोपू दिलं नाही.

ते साल सतराशे चौऱ्याहत्तर. पर्किसच्या गोदीत चौऱ्याहत्तर तोफांचं जहाज उभं राहत होतं आणि त्याचं नाव ‘टेलॅमन’ ठरलं होतं. मागच्या जंगलातले दोन हजार ओक त्यात गेले म्हणतात. जंगलात फिरायला गेलं की कळायचं, कारण जिथे तिथे नुसते बुंधेच उरले होते. जहाज असं वाढलं, असं वाढलं की गोदीमागच्या घरांना दहा वाजल्याशिवाय ऊन दिसेना. बायका कुरकुरायच्या, कपडे वाळत नाहीत म्हणून. आणि त्याच बायका संध्याकाळी लेकरं कडेवर घेऊन त्या सांगाड्याखाली मान वर करून उभ्या राहायच्या.

एमॉस तेव्हा तेवीस वर्षांचा. त्याचं काम मेखा ठोकायचं. समुद्राच्या पाण्यात लोखंड गंजून जातं, म्हणून जहाज जोडतात ते लाकडाच्या मेखांनी. हातभर लांब, अंगठ्याहून जाड, वर्षानुवर्षं सुकवलेल्या ओकच्या. गिरमिटाने बाहेरच्या फळीतून, फासळीतून, आतल्या फळीतून आरपार भोक पाडायचं आणि मोगरीने मेख हाणायची. पुढे पाण्यात ती फुगते आणि अशी घट्ट बसते की फळी फाटेल पण मेख सुटणार नाही. ‘टेलॅमन’मध्ये अशा तीस हजारांवर मेखा गेल्या. एमॉसच्या हाताची प्रत्येक मेख शेवटच्या ठोक्याला खणखणीत वाजायची, आणि मुकादम जोब स्ट्राइड तो आवाज ऐकून पुढे जायचा. स्ट्राइड म्हणजे जिभेला हाड नसलेला माणूस. कौतुक करायचं तर म्हणायचा, “लेका, आज तुझ्या हातून जहाज बुडणार नाही असं दिसतंय.”

गोदीची एक जुनी रीत होती. संध्याकाळची घंटा झाली की प्रत्येक कामगाराने कामातून उडालेल्या ढलप्यांचा एक भारा काखेत मारून घरी न्यायचा. तो त्याचा हक्क. नाव चुलीचं, पण चुलीत जायच्या त्या फक्त वाकड्या ढलप्या. बऱ्यातली बरी लाकडं घरात लागायची. थॉर्नलीतला एकही जिना सरळ नाही आणि एकही दार दुसऱ्या दारासारखं नाही ते त्यामुळेच. राजाच्या जहाजांचे तुकडे जोडून गाव उभं राहिलं, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मात्र अख्खं, कामाचं लाकूड उचललं तर ती चोरी. त्याला तुरुंग होता.

एमॉसची बायको थर्झा पोटुशी होती, दिवस भरत आले होते. एमॉस ढलप्यांचा पाळणा करत होता. तळ झाला, डोक्याकडची बाजू झाली. दोन्ही अंगांच्या लांब दांड्या तेवढ्या राहिल्या, कारण ढलपी कधी हातभर सरळ असते का?

“राजाच्या जहाजाला दोन हजार झाडं,” थर्झा म्हणाली, “आणि तुझ्या लेकराला दोन काठ्या मिळेनात होय रे?”

बाईने बोलायला काय जातं! पण एमॉसच्या ते जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मोजून मिळालेल्या मेखांतल्या दोन सरळसोट, हाडासारख्या वाळलेल्या मेखा त्याने बाजूला काढल्या आणि ढलप्यांच्या भाऱ्यात मधोमध दडवल्या. पाळण्याच्या दांड्या म्हणून त्या जशा काही मापानेच केल्या होत्या.

दिवस कलता कलता तो चौदाव्या फासळीवर आला. भोक पाडलं, मेख लावली, मोगरी हाणली. मेख निम्मी गेली आणि अडकली. आणखी हाणली तर चरचरून उभी चिरली. असं व्हायचं कधीकधी. अशा वेळी गिरमिटाने सगळं कोरून काढायचं आणि नवी मेख घालायची. पण नवी मेख होती कुठे? एक जरी मागितली तरी स्ट्राइड मोजणार आणि दोन कमी भरणार. भाऱ्यातली काढावी म्हणून एमॉसने वळून पाहिलं, तर मुकादम नेमका त्याच भाऱ्यावर ऐसपैस बसून पाव आणि चीज खात होता.

तेवढ्यात घंटा झाली. एमॉसने इकडे तिकडे पाहिलं. करवतीने मेखेचं बाहेरचं टोक फळीलगत कापलं. मग आत जाऊन दुसऱ्या बाजूने बोटभर तुकडा ठोकून बसवला. दोन्हीकडून पाहा, मेख साबूत. मधे मात्र पोकळी. उद्या सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन नीट करू, असं तो मनाशी म्हणाला.

त्याच रात्री थर्झाला कळा सुरू झाल्या. बाळंतपण अडलं, दोन दिवस बाई जगते की जाते असं झालं. अखेर मुलगी झाली. तिचं नाव हेस्टर ठेवलं आणि तिला पाळण्यात निजवलं. एमॉस तिसऱ्या दिवशी कामावर आला तोवर काथ्या आणि डांबरवाले त्या फळीवरून पुढे गेले होते आणि परांची हलवली होती. काळ्याकुळकुळीत भिंतीत ती जागा कुठली हे आता त्याच्याशिवाय कुणालाच सांगता आलं नसतं. सांगायचं म्हटलं तर नोकरी जाणार, तुरुंग होणार, ओली बाळंतीण उघड्यावर पडणार. एमॉस गप्प बसला. तेव्हापासून मेख ठोकताना त्याचा हात कधी घाईत चालला नाही. स्ट्राइड म्हणायचा, “याला देव दिसला की काय कोण जाणे.”

पुढच्या वर्षी जहाज पाण्यात सोडलं. पाच गावची माणसं नदीच्या दोन्ही काठांवर उभी होती. खालचे टेकू एकेक करून पाडले, शेवटचा पडला, आणि क्षणभर काहीच झालं नाही. मग दोन हजार ओक एकदम हलले. चरबी फासलेल्या उतारावरून ते एवढं धूड आधी मुंगीच्या पावलाने आणि मग असं निघालं की काठावरच्या म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. नदी दोन्ही काठांवर चढली, पुढच्या रांगेतली माणसं कमरेपर्यंत भिजली, तरी कुणी हललं नाही. आणि मग ‘टेलॅमन’ पाण्यावर तरंगत होतं. बदकाचं पीस पडावं तसं अलगद. एमॉसच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. हे आपल्या हातांनी केलं? आपल्या या हातांनी? आणि लगेच आठवली ती चौदावी फासळी. तो संध्याकाळपर्यंत काठावर बसून राहिला, जहाज डावीकडे कलतंय का बघत. कललं नाही.

मग ‘टेलॅमन’चे दिवस सुरू झाले. अमेरिकेकडच्या युद्धात गेलं, पश्चिमेच्या बेटांवर गेलं. तिथल्या पाण्यातले किडे लाकूड चाळणीसारखं करून टाकतात. खलाशी परत आले की गावच्या गुत्त्यात सांगायचे, बाजूच्या जहाजांचे तळ गळायला लागले, आमचं मात्र दगडासारखं. सगळे एमॉसच्या पाठीवर थाप मारायचे. तो बिअरचा मग तसाच टाकून घरी यायचा.

सतराशे ऐंशीत जहाज पोर्टस्मथच्या कोरड्या गोदीत आलं, तळाला तांब्याचे पत्रे ठोकायला. एमॉस दोन दिवस चालत तिथे गेला. कामगारांच्या घोळक्यातून आत शिरला आणि बरोब्बर त्या फळीखाली जाऊन उभा राहिला. वर पाहिलं तर पोट असं पसरलेलं की आभाळ दिसेना. शेवाळं, शिंपले, तोफगोळ्यांचे वळ, आणि त्यात ते टोक अजून जागच्या जागी. त्याने त्यावर तळहात ठेवला. आत्ता सांगावं, आत्ता, असं मनात आलं. तोंड उघडलं, तोच पत्रेवाला खेकसला, “ए बाबा, बायकोला भेटल्यासारखा काय उभा राहिलायस? हो बाजूला!” एमॉस बाजूला झाला. पत्रा चढला, खिळे बसले. परतीच्या वाटेवर त्याला आधी सुटल्यासारखं वाटलं आणि मग स्वतःचीच शिसारी आली.

पोरगी मोठी झाली. पाळणा माळ्यावर गेला. त्याच्या डाव्या दांडीवर हेस्टरने दात येताना कुरतडलेल्या खुणा होत्या, चार खालच्या, दोन वरच्या. थर्झा ती दांडी येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायची. एमॉसला तिच्याकडे बघवायचं नाही.

हेस्टरने लग्न केलं ते सायलस बाउनशी. सायलस आरमारात सुतार, कामाचा चोख. अठराशे तीन साली तो हसत हसत घरात आला. त्याला बढती मिळाली होती, मुख्य सुतार म्हणून. “आणि जहाज कुठलं, ओळखा!” तो म्हणाला.

एमॉसला विचारावं लागलं नाही. ‘टेलॅमन’च.

मुख्य सुताराला जहाजावर खोली मिळते आणि बायकोला सोबत नेता येतं. हेस्टरच्या मांडीवर सहा महिन्यांचा मुलगा होता. तिने पाळणा माळ्यावरून काढला, पुसला आणि सामानात बांधला.

“नको जाऊस,” एमॉस म्हणाला. “जहाज म्हातारं झालंय.”

“अहो बाबा, तुमचंच ना ते? असं जहाज दुनियेत दुसरं नाही, हे ऐकून ऐकून कान किटले माझे.”

“पोराला इथे ठेव मग.”

“का? असं काय आहे त्या जहाजात?”

एमॉसने जिभेवर आलेलं गिळलं. “थंडी फार असते,” तो म्हणाला. यावर थर्झा आणि हेस्टर दोघी हसल्या. त्या हसण्याने तो आतून जळत होता, कारण आपली लेक आणि तिचं लेकरू आपण स्वतःच्या हातांनी त्या पोकळीपाशी नेऊन ठेवतोय, आणि अजूनही आपल्याला तुरुंगाचीच भीती वाटतेय. भेकड कुठला!

दुसऱ्या हिवाळ्यात फ्रान्सच्या किनाऱ्यावर पहारा देणाऱ्या जहाजांना वादळाने गाठलं. सात आठवडे ‘टेलॅमन’ची खबर नाही. एमॉस भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा, अन्नाला शिवायचा नाही. मग एक दिवस निरोप आला की एक डोलकाठी गमावून जहाज पोर्टस्मथला लागलंय. तो तसाच निघाला. हेस्टर होडीतून उतरली, हाताचं मनगट सुजलेलं, पोरगं पाठीशी बांधलेलं, जिवंत. मागून पाळणा आला. त्याची डावी दांडी नव्हती, तिच्या जागी डांबरी दोरी बांधली होती.

“दांडी?” एमॉसच्या तोंडून निघून गेलं.

“कामी आली, बाबा. मोठी गोष्ट आहे ती. सावकाश सांगेन.”

पण सांगणार कुणाला? ती मुलाला घेऊन गावातच राहिली, आणि वादळाचा विषय निघाला रे निघाला की एमॉस कुत्र्याला खाऊ घालायला उठायचा. सायलस रजेवर आला की तेच. आपल्या मेखेने काय केलं हे त्याला ऐकायचं नव्हतं. लोकांना वाटलं म्हातारा हळवा झाला.

पुढे ‘टेलॅमन’ने एक मोठी लढाई पाहिली. दुपारभर दोन जहाजांच्या मधे उभं राहून मार खाल्ला आणि तरीही चालत घरी आलं. मग म्हातारपणी त्याच्यावर कैदी ठेवले. आणि अठराशे चौदात युद्ध थांबलं तेव्हा ते मोडायला विकलं. विकत घेतलं कुणी, तर थॉर्नलीच्या पर्किसच्या नातवाने. जिथे जन्मलं तिथेच मोडायला आणलं.

मोठ्या भरतीला दोन होड्यांनी ते ओढत आणलं. डोलकाठ्या नाहीत, तोफा नाहीत, रंग उडालेला, आणि तरी नदीच्या वळणावर ते दिसलं तेव्हा गावाने टोप्या काढल्या. काठावर तेव्हाचे दोघेच उरले होते. जोब स्ट्राइड ब्याऐंशी वर्षांचा, खुर्चीत. आणि एमॉस त्रेसष्टचा.

“आलं बघ,” स्ट्राइड म्हणाला. “एकोणचाळीस वर्षं. आपण कोण रे? मुंग्या लेकाच्या. आणि हे बघ.”

मोडताना एमॉसला बोलावलं, कारण कुठे काय आहे हे त्याला ठाऊक. जहाजासोबत आलेला सायलसही कामाला लागला. पत्रे उतरवले, वरच्या फळ्या काढल्या, फासळ्या आभाळाला लागल्या. डाव्या बाजूची तिसरी फळी निघायची होती त्या दिवशी एमॉस उजाडायच्या आधीच तिथे येऊन उभा राहिला. ही फळी मी काढणार, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, असं त्याने बजावलं. पहार घातली, फळी उचकटली.

चौदाव्या फासळीत मेख होती. तुकडा नव्हे, आरपार, अख्खी मेख. एमॉसला आधी वाटलं आपण जागा चुकलो. पुन्हा मोजलं. चौदाच. फळी सुटल्यामुळे मेखेचा वीतभर भाग उघडा पडला होता. त्याने डांबर खरवडलं, बोट फिरवलं, आणि बोट थांबलं. लाकडात बारीक खाचा होत्या. चार खालच्या, दोन वरच्या.

“अरे हो!” सायलस मागून म्हणाला. “हीच ती जागा, मामा! त्या वादळात पत्रा फाटला, फळी ढिली झाली आणि इथून अशी धार सुटली की पंप पुरेनात. पाहतो तर काय, कुणा हरामखोराने मेखेच्या जागी दोन तुकडे ठोकलेले! माझ्या मेखा सगळ्या संपलेल्या. हेस्टर म्हणाली पाळण्याची दांडी घे, ती मेखेच्याच लाकडाची आहे. नुसती लाकडाची कसली, मापसुद्धा तंतोतंत! हाणली, धार बंद. त्या हरामखोराला मी आजही रोज शिव्या घालतो.”

“घाल,” एमॉस म्हणाला. “इथेच उभा आहे तो.”

सायलसला आधी कळलं नाही. मग कळलं आणि त्याने मान वळवली. हेस्टर जेवण घेऊन आली होती, तिने सगळं ऐकलं होतं. एमॉस खाली फळीवर बसला आणि सगळं सांगितलं. दोन मेखा, भारा, त्याच्यावर बसलेला मुकादम, उद्या करू म्हणून राहिलेलं काम. काही लपवलं नाही. बोलता बोलता तो लहान मुलासारखा रडत होता. “तुझ्या पाळण्यासाठी चोरली गं,” तो म्हणाला. “आणि तुला मारायलाच निघाली होती.”

काठावरून स्ट्राइडचा आवाज आला. म्हातारा बहिरा आहे असं सगळ्यांना वाटायचं. “एक ना तुझी? माझ्या अशा तीन आहेत. सुकाणूपाशी. कुणाला सांगशील तर बघ.”

कुणी हसलं नाही. हेस्टर खाली बसली. तिने मेखेवरच्या खाचांवरून बोट फिरवलं.

“बाबा, पाणी माझ्या गुडघ्यापर्यंत आलं होतं,” ती म्हणाली. “सायलस ठोकत होता, मी कंदील धरला होता. पोरगं किंचाळत होतं. मी त्याला एकच सांगत होते, रडू नको राजा, आजोबांनी बांधलेलं जहाज आहे, बुडायचं नाही.”

एमॉसने तिच्याकडे पाहिलं. “आणि आता?”

“आता काय? नाहीच बुडालं.”

संध्याकाळची घंटा झाली. रीत जहाज मोडणाऱ्या कामगारांनाही लागू होती, एकेक भारा. सायलसने करवत घेतली आणि चौदावी फासळी मेखेच्या वर आणि खाली कापून तो तुकडा मेखेसकट सासऱ्याच्या हातात दिला. एमॉस तो काखेत मारून फाटकाशी आला. चाळीस वर्षांपूर्वी याच फाटकातून तो मान खाली घालून गेला होता.

“काय आहे ते?” पहारेकऱ्याने विचारलं.

“मेख,” एमॉस म्हणाला. “अख्खी आहे. बघून घे नीट.”

पहारेकऱ्याने बघितलं आणि जायला खूण केली.

फासळीचा तो तुकडा हेस्टरच्या घरी चुलीच्या वर बसवला. पाळण्यात पुढे तिची आणखी दोन लेकरं निजली. सुताराच्या घरच्या पाळण्याला दोरी काय बांधलीय म्हणून थर्झा मरेपर्यंत टोमणे मारायची, आणि सायलस दरवेळी नवी दांडी करून द्यायला उठायचा. पण एमॉसने कुणाला ती दोरी सोडू दिली नाही. “राहू द्या,” म्हणायचा. “ती बाजू जहाजाची आहे.”